चौथा बार

१

तळ्यातल्या पाखरांवर एका दमात तीनच बार काढायचे, असा नियम होता. पिराजी चौथ्या बाराला मेला.

सदुसष्ट सालचा हिवाळा. हातकणंगल्याच्या अलीकडच्या तळ्यावर बदकं उतरली होती आणि कोल्हापुरातले हौशी लोक रविवारी पहाटे जीपगाड्या घेऊन तिकडे पळत होते. त्यांत नृसिंहराव सगळ्यांत जुने. त्यांची विलायती पाचबारी बंदूक होती, चार काडतुसं पोटातल्या नळीत आणि एक पुढं तोंडाशी. पण शिकारीच्या परवान्यावर अट लिहिलेली होती. अशा बंदुकीच्या नळीत लाकडाची खुंटी घालून घ्यायची, म्हणजे नळीत दोनच काडतुसं मावतात. नळीतली दोन आणि तोंडाशी एक. तीन बार झाले की पाखरांनाही उडून जायला वाव राहतो, असं सरकारचं म्हणणं. सरकारला पाखरांची दया येते हे ऐकून सुलतानबी हसली होती, पण काम तिच्याच बंदूकदुरुस्तीच्या दुकानात येत होतं, म्हणून तोंड मिटून हसली होती.

दुकानावर पाटी मेलेल्या नवऱ्याच्या नावाची होती, परवाना मुलाच्या नावाचा होता आणि दुकान सुलतानबीचं होतं. हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

सोमवारी सकाळी फौजदार शिपाई घेऊन आला. सुलतानबीचा लेक फक्रुद्दीन कानस मारत बसला होता. त्याला कानस खाली ठेवायला लावली आणि दंडाला धरून उठवलं.

"कशापायी?" सुलतानबी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"बाजूला व्हा, चाची. रावांची बंदूक उघडली. आत खुंटीच नाही. तीन बार झाले म्हणून पिराजी पाखरं गोळा करायला पाण्यात उतरला. रावांनी रिकामी समजून चाप ओढला, तर चौथा बार निघाला. माणूस जागच्या जागी गेला."

"खुंटी घातलीया त्येनं."

"तुम्ही बघितलं?"

सुलतानबी कधी शब्दाला अडत नसे, ती इथं अडली. त्या खुंटीला दोरा तिनंच गुंडाळला होता. नुसती खुंटी नळीतल्या, काडतुसं ढकलणाऱ्या स्प्रिंगमध्ये खुळखुळते. गिऱ्हाइकं येऊन सांगायची, चाची, बंदूक हुपरीच्या पैंजणागत वाजती, पाखरं आधीच उडत्यात. तेव्हापासून ती खुंटीला मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळायची. मग खुंटी स्प्रिंगच्या पोटात अशी धरून बसायची की वाजायचं नाव नाही. ही घरातली युक्ती, बाहेर कुणाला सांगितलेली नव्हती. दोरा गुंडाळून खुंटी तिनं लेकाच्या हातात दिली आणि खैरुनबीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेली. घालताना तिनं बघितलं नव्हतं.

"बघितलं की," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते जरा जास्तच मोठ्यानं निघालं.

फौजदारानं तिच्याकडं बघितलं. "आज इथल्या कोठडीत ठेवतो. उद्या कोर्टापुढं उभा करणार. तिथनं कळंब्याच्या तुरुंगात जाईल. दुकानाचा परवाना तर गेलाच म्हणून समजा."

२

चौकीत बंदूक टेबलावर होती. शेजारी कागदावर तिची स्प्रिंग काढून ठेवलेली. फक्रुद्दीन गजाआड उकिडवा बसला होता.

"अम्मा, मी घातली."

सुलतानबीनं त्याच्याकडं बघितलं. पोरगं चांगलं, हाताला गुण, पण तेल आणायला बाटली न घेता जाणारं. ती वळून टेबलाकडं गेली.

"हात लावू नका," शिपाई म्हणाला.

"डोळं तर लावू देशील?"

ती वाकली. बंदूक वरून लखलखीत, मातीचा ठिपका नाही. पण स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर बाहेरून काळा गाळ वाळून बसला होता. आतून बघितलं तर निम्म्या लांबीपर्यंत पिवळं मेण, स्वच्छ, दोऱ्याचं एक तूस चिकटलेलं. पुढच्या निम्म्यात आतूनही गाळच.

"ह्ये मेण बघा, फौजदारसाहेब. ह्ये आमच्या दोऱ्याचं. खुंटी आत हुती."

फौजदार उठून आला. माणूस बरा होता, ऐकून घेत होता. "होती म्हणता. मग गेली कुठं? रावांनी लिहून दिलंय, तुमच्या दुकानातून आणली तशीच वापरली आणि तशीच आमच्या ताब्यात दिली, उघडलेलीसुद्धा नाही. आमच्या माणसानं इथं उघडली तेव्हा आत स्प्रिंग होती, ती अशीच, आणि खुंटी नव्हती."

"मग कुनीतरी काढली."

"तुमच्या मुलानंच काढली असेल. घातली, लांब पडली, घासायला बाहेर काढली आणि परत घालायला विसरला. असं होत नाही दुकानात?"

होत होतं. तीन-चार वेळा घालून काढून घासल्याशिवाय खुंटी बसतच नाही. सुलतानबीनं वळून गजाकडं बघितलं नाही, कारण लेकानं तिचा चेहरा वाचला असता.

"उद्या कोर्टाच्या आधी मी परत येतो," ती फौजदाराला म्हणाली. "तवर त्या स्प्रिंगेला कुनी पुसायचं न्हाय."

३

पिराजीच्या घरी जायला पाय उचलत नव्हते. तरी गेली. त्याची बायको बयाबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी नृसिंहरावांचा ड्रायव्हर बाळासो गूळ-तांदूळ घेऊन आला होता आणि जायचं कसं ते न कळून तिथंच घुटमळत होता.

"माझ्या दारात कशाला आलीस?" बयाबाई म्हणाली. "ल्योक सुटावा म्हणून?"

"व्हय," सुलतानबी म्हणाली. "आनि तुझ्या मालकाला कुनी मारलं त्ये कळावं म्हणून. दुसऱ्यानं मारला असंल आनि माझा ल्योक आत गेला, तर तुला तरी त्येचं काय सुख?"

बयाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग पदरानं नाक पुसलं. "बस."

सुलतानबी बसली. बयाबाई कुणाशी नाही अशी बोलत राहिली. "तीस वर्सं ह्येच काम केलं त्यांनी. बार मोजायचं. तीन झालं की हाळी द्यायची, 'उतरलो ओ.' बंदूकवाला 'उतर' म्हणाला तरच पान्याला पाय लावायचा. त्याबिगर न्हाय. कलेक्टर आला तरी न्हाय."

"काल कुनी उतर म्हटलं?"

बयाबाईनं बाळासोकडं बघितलं. बाळासो म्हणाला, "सायबांनीच की. मी बांधाच्या मागं जीपजवळ हुतो, पर समदं ऐकू येतंय तिथं."

"सांग बघू, काय काय ऐकलंस."

"आधी तीन बार. धाड, धाड, धाड. एका श्वासात."

"मधी कुठं अडली न्हाय बंदूक?"

बाळासोला राग आला. "आमच्या सायबांची बंदूक अडंल व्हय? शनवारी मीच तेलपाणी केलं, वरनं वरनं. लोण्यागत चालली. मग पिराजीतात्याची हाळी आली. सायेब म्हणालं, 'उतर.' मग तात्या पान्यात गेल्याचा आवाज. आनि मग..." तो थांबला. "मी पळत आलो. तसाच पान्यात शिरलो. त्यास्नी वडत काठाला आणलं. सायेब आनि दाजी तिथं उभंच हुतं."

"कंचं दाजी?"

बाळासोनं ओठ चावला. ते नाव घ्यायचं नाही असं त्याला कुणीतरी बजावलं होतं, हे बयाबाईलासुद्धा कळलं.

"यज्ञेश्वर दाजी," तो खाली बघत म्हणाला. "ताईसायबांचं मालक. पयल्यांदाच आलतं शिकारीला."

"मोकळ्या हातानं आलतं?"

बाळासो उठला. गुळाची पिशवी तिथंच विसरून चालायला लागला. दाराशी गेल्यावर पाठमोराच म्हणाला, "सायबांची दुसरी बंदूक हाय न्हवं, दुनळी."

४

नृसिंहरावांच्या बंगल्यात सुलतानबीला पुढच्या दारानं घेतलं, खुर्ची दिली, त्यावरूनच तिनं ओळखलं की यांचं काहीतरी काम आहे. रावांची धाकटी बहीण ताई स्वतः चहा घेऊन आली. तिचा नवरा यज्ञेश्वर कॉलेजात शिकवत असे. तो खिडकीपाशी उभा होता. बसला, उठला, परत खिडकीपाशी गेला.

"नृसिंहराव, एक इचारायचं हुतं," सुलतानबी म्हणाली. "'उतर' तुम्हीच म्हटलासा. मग पान्याकडंच चाप ओढलासा?"

"सवय, चाची. शेवटी रिकामी ओढून बघायची."

"वीस वर्सं तुमची बंदूक माझ्या दुकानात येतीया. रिकामी बघायची तर तुम्ही नळी आभाळाकडं करता. माझ्या पत्र्याला भोक पडंल म्हणून मी तुम्हांस्नी बोललोबी हाय."

नृसिंहरावांनी चहाचा घोट घेतला. "झालं त्या वेळी. माणूस चुकतो."

"आनि पावणं कुठं हुतं तवा?"

"माझ्या हातात काही नव्हतं," यज्ञेश्वर खिडकीतूनच म्हणाला. त्याला कुणी तसं विचारलं नव्हतं.

ताई नवऱ्याकडं वळली. नृसिंहरावांनी तिला नजरेनं आत जायला सांगितलं आणि खुर्ची पुढं ओढली. आवाज मऊ केला.

"चाची, तुम्ही मला परक्या नाही. फक्रुद्दीनला लिहून द्यायला सांगा, की खुंटी घासायला काढली आणि घालायची राहिली. कबूल केलं की कोर्ट थोडक्यात सोडतं. आमचे वकील उभे करतो, मी स्वतः शब्द टाकतो. उद्या संध्याकाळी पोरगा घरी जेवायला असेल. भांडत बसलात तर वर्षानुवर्षं चालेल."

सुलतानबी उठली. जाताना तिनं यज्ञेश्वरकडं बघितलं. त्याचा हात रुमालात होता. तो तोच तळवा पुसत होता, आणि तळवा कोरडाच होता.

रस्त्यानं येताना तिला काही दिसत नव्हतं. खरंच विसरला असेल तर? मग नृसिंहराव म्हणतात तेच बरं. कबूल करावं आणि लेकाला घेऊन यावं. आणि विसरला नसेल तर ती आपल्याच तोंडानं त्याला खुनी ठरवणार. पिठाच्या गिरणीपाशी ती थांबली, चौकीच्या रस्त्याला लागली, परत फिरली. भर बाजारात सुलतानबी रस्ता चुकल्यागत फिरते हे लोकांनी पहिल्यांदा बघितलं.

५

सून हाफिजा परसात राखेनं भांडी घासत होती. तिचे डोळे सुजले होते.

"काय म्हणाले, अम्मा?"

"म्हणाले, गुन्हा कबूल करा."

"करतील?"

"तुला काय वाटतं? घातली असंल त्येनं?"

हाफिजानं सासूकडं बघितलं. या घरात तिचं मत कुणी विचारत नव्हतं. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली, आणि राखेनं भरलेल्या हातातली बांगडी वर सरकवली. मनगट काळंकुट्ट होतं. बांगडी जिथं चिकटून बसली होती तेवढंच गोल कातडं खाली स्वच्छ राहिलं होतं.

सुलतानबीनं तिचं मनगट धरलं.

"काय झालं, अम्मा? दुखतंय."

सुलतानबी त्या मनगटाकडंच बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं बांगडी नव्हती. स्प्रिंग होती. बाहेरून गाळ आणि आतून निम्म्यापर्यंत स्वच्छ. निम्म्यापर्यंतच का? कारण तेवढी खुंटी असते.

"उठ," ती म्हणाली. "दुकानातली लाकडी काडतुसं दे काढून. बंदूक चालवून बघायची ती."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारानं दोन पंच बोलावले. नृसिंहराव आले. यज्ञेश्वरलाही बोलावणं गेलं होतं, तो दाराजवळच्या बाकावर टेकला. फक्रुद्दीन गजाला धरून उभा होता.

"ती स्प्रिंग हाय तशी घाला," सुलतानबी म्हणाली, "आनि ही लाकडाची काडतुसं भरा. तोंडाशी एक, नळीत दोन."

चौकीतल्या बंदुका सांभाळणाऱ्या शिपायानं तसं केलं. नळीखालचा सरकता दस्ता मागं ओढला, पहिलं काडतूस बाहेर पडलं. पुढं ढकलला. नळीतलं काडतूस वर येईना. परत ओढला. आत काहीतरी करकरलं आणि थांबलं.

"गाळ आहे आत," शिपाई म्हणाला. "कशी सरकेल?"

"तेच म्हणतोय मी," सुलतानबी म्हणाली. "बाळासो म्हणतो, तीन बार लोण्यागत निघालं. म्हणजे बार काढताना स्प्रिंगेत गाळ नव्हता. गाळ नंतर लागला. बंदूक वरनं स्वच्छ, नळीच्या टोकाचं टोपण गच्च. बंद नळीत गाळ चालत जात न्हाय. तळ्याच्या काठाला कुनीतरी टोपण फिरवलं. स्प्रिंग दाबून बसलेली असती, टोपण सुटलं की उडती. ती उडून चिखलात पडली."

फौजदार नृसिंहरावांकडं वळला. "आपण तर लिहून दिलंय, उघडलीच नाही."

नृसिंहरावांनी रुमालानं मान पुसली. "घाबरून विसरलो असेन. चौथा बार कसा निघाला ते बघायला नंतर उघडली. तेव्हा पडली असेल चिखलात. आत खुंटी नव्हतीच."

फौजदारानं सुलतानबीकडं बघितलं. गजामागं फक्रुद्दीननं डोळे मिटले.

"काढा ती स्प्रिंग," सुलतानबी म्हणाली. "आत बघा, साहेब. खुंटी नसती तर गाळ आतबाहेर सगळीकडं सारखा लागला असता. पुढच्या निम्म्यात लागलाय बघा, आतनं बाहेरनं. मागच्या निम्म्यात बाहेर गाळ आनि आत नुसतं मेण. कशानं झाकलं हुतं ते? खुंटीनं. स्प्रिंग चिखलात पडली तवा खुंटी तिच्या पोटात हुती. आमचा दोरा खुंटीला धरून ठेवतो, म्हणून तीबी स्प्रिंगेसंगट उडती. उचलून घेतली, खुंटी उपसून काढली, रुमालानं बंदूक पुसली, स्प्रिंग तशीच ढकलून टोपण लावलं. ह्यांस्नी वाटलं, खुंटी म्हणजे नुसतं लाकूड, मागं काय ठेवतंय?"

फौजदारानं स्प्रिंग उजेडाला धरून आत बघितलं.

"तीन बार काढताना खुंटी आत हुती," ती म्हणाली. "मग ह्या बंदुकीतनं चौथा बार निघूच शकत न्हाय. काठावर दुसरी एकच बंदूक हुती. आनि 'उतर' म्हणणारा जुना शिकारी त्या अंगाला चाप वडणार न्हाय. उतर म्हणजे काय, हे ज्येला ठावं न्हाय, त्येनं वडला."

नृसिंहराव उभे राहिले. "साहेब, ही बाई काय वाटेल ते..."

"बसा, दादा," यज्ञेश्वर बाकावरून म्हणाला. बायकोचा मोठा भाऊ, म्हणून तो त्यांना तसंच म्हणायचा. "पाखरू फडफडत होतं. मेलं नव्हतं. मला वाटलं, निसटतंय. त्या माणसानं काहीतरी आरोळी दिली, यांनी काहीतरी उत्तर दिलं. मला कळलंच नाही की माणूस पाण्यात आहे. तो लव्हाळ्याआड होता, दिसला नाही मला, मी पाखराकडं बघत होतो." त्यानं तळवा पुसला. "माझ्याकडं परवाना नाही. दादांची बंदूक मी हातात घ्यायलाच नको होती."

फौजदारानं नृसिंहरावांकडं बघितलं. त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला.

"बाळासो पाण्यात गेला होता," ते हळू म्हणाले. "तेवढ्यात सुचलं. बिनपरवान्याच्या माणसाला बंदूक दिली म्हणून मी गेलो असतो, आणि हा तर... बहिणीचं घर होतं, साहेब."

"माझंबी घरच हुतं," सुलतानबी म्हणाली.

७

कागदपत्रं होईपर्यंत दुपार झाली. फक्रुद्दीनला सोडलं. आई आणि लेक चौकीच्या पायऱ्या उतरले. ती पुढं, तो मागं, नेहमीसारखे.

वाटेत ती म्हणाली, "आधी बयाबाईकडं जायाचं. तिला सांगायचं, कोन ते. मग घरी."

"होय."

थोडं चालल्यावर त्यानं विचारलं, "अम्मा, फौजदार म्हणत होता, तू सोमवारीच सांगितलंस, घालताना बघितलं म्हणून. तू तर तेव्हा खैरुनमौशीकडं होतीस."

सुलतानबी चालत राहिली.

"तुला माझ्यावर शंका आलती?"

ती थांबली. दोन दिवस तिनं साऱ्या गावाला पटवून दिलं होतं, आता लेकासमोर खोटं बोलणं काही अवघड नव्हतं.

"आलती," ती म्हणाली. "काल दिवसभर आलती. म्हणून तर दारोदार फिरलो. खात्री असती तर घरात बसून वाट बघितली असती, फौजदार हात जोडून परत येतोय का त्याची."

फक्रुद्दीननं पुढं होऊन तिच्या हातातली लाकडी काडतुसांची पिशवी घेतली. तिनं ती घेऊ दिली, आणि त्यानंतर दोघं बरोबरीनं चालायला लागले.